कृष्णेच्या उलट्या दिशेने: वाईच्या खोऱ्यात पहिल्यांदा पायी फिरणाऱ्यांसाठी

वाईला येणारे बरेचजण पाचगणीच्या वाटेवर ढोल्या गणपतीला हात जोडून पुढे निघतात. काहीजण महाबळेश्वरच्या केट्स पॉइंटवर उभे राहून खाली चमकणारं पाणी बघतात, फोटो काढतात आणि परततात. दोन्ही वेळा खोरं राहूनच जातं. ते कळायचं असेल तर गाडी वाईत लावा आणि नदीच्या उलट्या दिशेने, खालून वर, पायी चालायला लागा. मी स्वतः असाच शिकलो. नंतर पुण्या-मुंबईहून आलेल्या कितीतरी मित्रांना आणि नातेवाइकांना याच क्रमाने फिरवलं. तो क्रम इथे सविस्तर देतो.

आधी खोरं डोळ्यांसमोर आणा

क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाणी पडतं. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचा तो उगम मानला जातो. त्यांतली कृष्णा डोंगर उतरून जोर गावाच्या अंगाने खाली येते. पुढे बलकवडीचं धरण, त्याखाली धोमचं धरण, मग धोम गाव, मेणवली आणि वाई. वाईच्या खाली भुईंज, लिंब आणि साताऱ्याजवळ माहुली. तिथे वेण्णा तिला मिळते. समुद्राला मिळेपर्यंत कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर वाहते. आपण चालणार आहोत तो तिचा अगदी लहानपणचा तुकडा, जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटरचा.

खोऱ्याच्या उत्तरेला रायरेश्वर, केंजळगड आणि पांडवगडाची रांग आहे. दक्षिणेला पाचगणी-महाबळेश्वरचं पठार. या दोन भिंतींच्या मध्ये कमळगडाचा डोंगर पुढे आलाय. त्याच्या एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला वाळकी नदी, आणि दोन्हींचं पाणी धोमच्या जलाशयात एकत्र येतं. एवढं चित्र मनात पक्कं बसलं की कुठेही उभे राहिलात तरी दिशा चुकत नाही. पाचगणीची सपाट कड डावीकडे, पांडवगड उजवीकडे, म्हणजे तोंड पश्चिमेला आणि तुम्ही नदीच्या वरच्या अंगाला निघालाय.

नकाशात दिसत नाही अशी एक गोष्ट पावसाची. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सरळ रेषेत पंचवीस-तीस किलोमीटरवर असलेल्या वाईत त्याच्या मानाने फारच कमी. त्यामुळे चालता चालता शेतं बदलत जातात. वाई-बावधनकडे ऊस, हळद, ज्वारी, गहू. धोमच्या वर गेलात की भाताची खाचरं सुरू होतात आणि अलीकडे बऱ्याच ठिकाणी स्ट्रॉबेरीचे वाफेही दिसतात. वाईत याला सरसकट 'पश्चिम भाग' म्हणतात. "पश्चिम भागातला आहे" एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याला त्या माणसाचा पाऊस, भात आणि लांबचा रस्ता सगळं समजतं. बस, दवाखाना, मुक्काम, कशाचीही चौकशी करताना हाच शब्द वापरा.

कधी यायचं

दसऱ्यानंतर आणि महाशिवरात्रीच्या आत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला डोंगर सोनकीच्या फुलांनी पिवळे असतात आणि ओढ्यांना पाणी असतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे नदीवर धुकं बसतं आणि दिवसभर चाललं तरी ऊन लागत नाही. मला स्वतःला फेब्रुवारी सगळ्यात आवडतो. हळद काढायचे आणि शिजवायचे ते दिवस. शिजवलेली हळद अंगणात, खळ्यावर वाळत घातलेली असते. तिचा मातकट, उबदार वास गावात शिरायच्या आधीच येतो. ऊस तोडायला आलेल्या टोळ्यांच्या कोपी, म्हणजे तात्पुरत्या झोपड्याही याच दिवसांत शेतांच्या कडेला दिसतात.

मार्चनंतर दुपारी चालणं टाळा. पावसाळ्यात वाई-मेणवलीपर्यंत जरूर या, पण पश्चिम भागातल्या डोंगरवाटा जुलै-ऑगस्टमध्ये नवख्या माणसासाठी नाहीत. २०२१ च्या जुलैत अतिवृष्टी झाली तेव्हा कोंढावळ्याच्या देवरुखवाडीवर दरड आली आणि माणसं गेली. पावसाचे ते दिवस तिथल्या लोकांच्या मनातून अजून गेलेले नाहीत. तेव्हा धबधबे बघायला म्हणून घाईने वर जाऊ नका.

दोन दिवस मात्र आधीच बघून ठेवा. पौष पौर्णिमेला मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा असते, तेव्हा वाईकडचे रस्ते भरून वाहतात. आणि रंगपंचमीला बावधनचं बगाड. त्याविषयी पुढे सांगतो.

यायचं कसं, राहायचं कुठे

पुण्याहून वाई नव्वद किलोमीटरच्या आसपास. स्वारगेटहून वाईच्या, तसंच पाचगणी-महाबळेश्वरच्या एसटी मिळतात. महामार्ग सोडून सुरूरला आत वळायचं. साताऱ्याकडून येणाऱ्यांना पाचवड फाटा सोयीचा. रेल्वेने यायचं तर वाठार किंवा सातारा स्टेशन, पण पुढे पुन्हा बसच लागते.

मुक्काम वाईतच करा. पाचगणीला राहून रोज घाट उतरायचा बेत अनेकजण करतात. त्यात सकाळचे दोन तास जातात, आणि खोऱ्यातली सकाळ हाच तर खरा वेळ. वाईत साध्या लॉजपासून घरगुती मुक्कामापर्यंत सोय होते. पश्चिम भागातही आता काही घरांत राहायची सोय आहे, पण तिकडचा मुक्काम दुसऱ्या खेपेला ठेवा.

वाईत उतरल्यावर पहिलं काम म्हणजे स्थानकाच्या चौकशी खिडकीवर जाऊन पश्चिम भागातल्या गाड्यांच्या वेळा लिहून घेणं. जायच्या वेळा सगळे विचारतात. तुम्ही परतीची शेवटची गाडी विचारा. एकदा मी ती विचारली नव्हती. बलकवडीच्या अलीकडे सूर्य मावळला, गाडी तासाभरापूर्वीच निघून गेलेली. अंधारात दोन किलोमीटर चाललो, मग मागून दुधाचा टेम्पो आला. ड्रायव्हरने न विचारताच थांबवला आणि कॅनांच्या शेजारी जागा करून दिली. वाईत उतरल्यावर पैसे काढले, तर म्हणाला, "ठेवा ओ दादा, मी काय तुमच्यासाठी आलो व्हय." ती माणुसकी विसरणं शक्य नाही, पण तिच्या भरवशावर बेत आखायचा नसतो.

वाट विचारायची भाषा

मोबाईलचा नकाशा आधीच उतरवून ठेवा. धोमच्या वर रेंज येते-जाते. पण खरा उपयोग माणसांचाच होतो आणि ती वाट सांगतात स्वतःच्या शब्दांत. शहरात वाढलेल्या मराठी माणसालाही यातले काही शब्द नवे असतात.

पाणंद म्हणजे दोन शेतांच्या मधून जाणारी बैलगाडीची वाट, दोन्ही बाजूंना बहुधा बांध किंवा झुडपं. "पाणंदीनं सरळ जावा" म्हटलं की मध्येच शेतात शिरायचं नाही. सोंड म्हणजे डोंगराची खाली उतरलेली धार. गडावर जाणाऱ्या बहुतेक वाटा सोंडेवरून चढतात. दोन डोंगरांमधली खाच म्हणजे खिंड. ओढा ओलांडताना "वरच्या अंगानं" सांगितलं तर प्रवाहाच्या वरच्या बाजूने. डोह म्हणजे नदीतली खोल जागा, मग वरून पाणी कितीही शांत दिसो. 'डोह' हा शब्द ऐकलात की पाण्यात पाय घालायचा विचार सोडा.

वाट विचारताना "हा रस्ता कमळगडाला जातो का?" असं विचारू नका. पाहुण्याचं मन राखायला "जातो की" असं उत्तर येऊ शकतं. "कमळगडाला कुठून जायचं?" असं विचारा, म्हणजे सांगणाऱ्याला पूर्ण वाट सांगावी लागते. आणि अंतर किलोमीटरमध्ये विचारण्यापेक्षा "तुम्हाला चालत किती वेळ लागतो?" असं विचारा. मिळालेल्या उत्तराच्या दीडपट वेळ आपला धरा.

पहिला दिवस: वाईचे घाट

पहिल्या दिवशी लांब जाऊ नका. सकाळी साडेसहाला घाटावर या.

वाईत नदीकाठी सात घाटांची नावं सांगतात: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. प्रत्येक आळीला आपला घाट आणि प्रत्येक घाटाचा आपला कृष्णाबाईचा उत्सव. नदीला इथे 'कृष्णाबाई' म्हणतात आणि थंडीच्या दिवसांत एकेका घाटावर आळीपाळीने तिचा उत्सव होतो. अफझलखान वाईला येऊन बसला होता तेव्हा संकट टळावं म्हणून नदीला केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असं वाईकर सांगतात. १६५९ साली खान इथूनच प्रतापगडाकडे गेला.

गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपती आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ १७६२ साली बांधलं. मूर्ती एकाच दगडातली, सुमारे १० फूट उंच. दर्शन घेऊन लगेच निघू नका. देवळाला वळसा घालून मागच्या बाजूला जा. मागची भिंत सरळ नाही. ती दोन्ही बाजूंनी निमुळती होत माशाच्या तोंडासारखी पुढे येते. पुराचं पाणी आलं की ते या टोकावर दुभंगतं आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी निघून जातं. भिंतीच्या दगडांवर हात ठेवून बघा. बांधणाऱ्याने नदीला अडवायचं मनात आणलं नाही, तिला वाट करून दिली. त्यानंतर कितीतरी पूर आले आणि देऊळ जागच्या जागी आहे. शेजारच्या काशीविश्वेश्वराच्या देवळातला नंदी मात्र उभ्या उभ्या बघून जाण्यासारखा नाही. त्याच्या गळ्यातल्या माळा आणि घंटा दगडात कोरल्यात. पाच मिनिटं समोर बसा.

घाटावर बायका कपडे धूत असतात, कुणी पूजा करत असतं. ते त्यांचं रोजचं अंगण आहे. कॅमेरा खाली ठेवा. घाटाच्या पायऱ्यांवर चप्पल घालून चालता येतं, पण देवळाच्या ओट्यावर चढण्याआधी काढा.

वाई हे विद्येचंही गाव. प्राज्ञपाठशाळा इथली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथे राहिले, आणि मराठी विश्वकोशाचं काम इथूनच चाललं. गल्ल्यांमधून फिरताना जुने वाडे दिसतील. काही मोडकळीला आलेत, काहींत अजून माणसं राहतात. दार उघडं दिसलं म्हणून आत जायचं नाही. बाहेरून हाक मारा.

वाई ते मेणवली

त्याच दिवशी उन्हं कलल्यावर मेणवलीला चालत निघा. तीन किलोमीटरच अंतर आहे, पाऊण तास धरा. डांबरी रस्ता आहे आणि दुचाक्या जोरात येतात, म्हणून समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने चाला.

मेणवली हे गाव औंधच्या पंतप्रतिनिधींनी नाना फडणवीसांना दिलं. नानांनी इथे सहा चौकांचा वाडा बांधला आणि मागे नदीवर चंद्रकोरीसारखा घाट. वाडा खासगी आहे. शुल्क देऊन जेवढा भाग बघू देतात तेवढा बघा, बंद दारं ढकलू नका. आत भिंतींवर जुनी चित्रं आहेत. त्यांना बोट लावायचं नाही. फ्लॅश पाडण्याआधी विचारा. इतिहासाच्या अभ्यासकांना 'मेणवली दफ्तर' म्हणून ठाऊक असलेले कागद याच वाड्यातले.

घाटावर मेणेश्वराचं देऊळ आहे आणि त्याच्यासमोर एका छोट्या दगडी मंडपात एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्याजवळ जा. पितळी-काळसर अंगावर १७०७ हा आकडा वाचता येतो आणि बाजूला बाळ येशूला घेतलेली मेरी उठावात दिसते. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ही एक. तिचं वजन साडेसहाशे किलोंहून जास्त सांगतात. भीमाशंकरलाही वसईची अशीच घंटा आहे. महादेवाच्या दारात मेरीची आकृती जशीच्या तशी राहिली, कुणी ती घासून काढली नाही, हे मला दर वेळी थांबवतं. घंटा वाजवून बघायचा मोह आवरा.

हिंदी चित्रपटांत हा घाट अनेकदा दिसल्यामुळे शनिवार-रविवारी इथे गर्दी असते. म्हणूनच मी सोमवार ते गुरुवार यायला सांगतो. पायऱ्यांवर बसून अंधार पडेपर्यंत थांबा, पण पाण्यात उतरू नका. घाटाच्या शेवटच्या पायरीवर शेवाळ असतं आणि त्यापुढे पाणी एकदम खोल होतं.

दुसरा दिवस: मेणवलीहून धोम

सकाळी मेणवलीपर्यंत बस किंवा रिक्षा आणि तिथून धोमला पायी. पाच-सहा किलोमीटर, सावकाश गेलात तर दोन तास. उजव्या हाताला पांडवगड सतत सोबत असतो. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला हा गड आहे. आज चढायचा नाही, फक्त ओळख करून घ्या.

या वाटेवर तुमची पहिली खरी गावभेट होईल. पारावर बसलेलं कुणीतरी विचारेल, "कुठलं पाव्हणं? कुणाकडं आलाय?" हा प्रश्न चौकशीचा वाटला तरी मायेचा आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायचं. थांबायचं, रामराम घालायचा, आपलं गाव सांगायचं आणि कुठे निघालोय ते सांगायचं. "कुणाकडं नाही, पायी गावं बघत चाललोय" एवढं सांगितलं की समोरचा स्वतःहून तुमची जबाबदारी घेतो. कुठे कुत्रं अंगावर येतं, कुठल्या ओढ्याला पाणी आहे, देवळाची किल्ली कुणाकडे असते, सगळं कळतं. वयस्क बाईला आजी किंवा मावशी, वडीलधाऱ्या माणसाला काका किंवा मामा, बरोबरीच्याला दादा, ताई. पहिल्या वाक्यातच अरे-तुरे नको.

चहा विचारला तर शक्यतो घ्या. घाई असेल तर पाणी तरी घ्या. तेवढं घेतलं की मान राखला जातो. घरी जेवायला बसवलं तर पैसे पुढे करून यजमानांना अवघडवू नका. त्याऐवजी पिशवीत आधीच ठेवलेलं काहीतरी, खाऊ, फळं, मुलांसाठी वह्या, निघताना घरातल्या आजीच्या हातात द्या. मुक्कामाची सोय म्हणूनच चालवतात अशा घरी मात्र ठरलेले पैसे चोख द्या, घासाघीस नको.

शेतातलं काही तोडायचं नाही. हरभऱ्याचा डहाळा असो, उसाचं कांडं असो की बांधावरचं बोर. मागितलंत तर दुप्पट मिळेल. विशेषतः स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात फोटोसाठी पाय टाकू नका. खाली अंथरलेला कागद फाटतो, रोपं मोडतात आणि त्या शेतकऱ्याचं वर्षाचं गणित त्यावर असतं.

धोम गावात नृसिंहाचं देऊळ उंच जोत्यावर आहे. जवळच महादेवाचं देऊळ आणि त्याच्यासमोर मला खोऱ्यात सर्वांत आवडणारी वस्तू आहे. कमळाच्या पाकळ्यांच्या आकाराचा दगडी हौद, हौदात एक मोठं कासव, कासवाच्या पाठीवर मंडप आणि मंडपात नंदी. हौद कोरडा असताना कासवाचे पाय, मान, पाठ सगळं दिसतं. त्यात पाणी भरलं की कासव बुडतं आणि नंदी पाण्यावर तरंगतोय असं वाटतं. पाकळ्यांच्या कडा पायांनी आणि पाण्याने गुळगुळीत झाल्यात. धौम्य ऋषींचं हे ठिकाण, त्यांच्या नावावरून धोम, असं गावकरी सांगतात.

पुढे धरण. भिंतीवर परवानगीशिवाय जाऊ देत नाहीत आणि तिथे फोटोही काढू नयेत. जलाशयाच्या कडेने मात्र मोकळं बसता येतं. एक सूचना अगदी स्पष्टपणे करतो. धोम आणि बलकवडीच्या जलाशयांत, तसंच कालव्यात, पोहायला उतरायचं नाही. कालव्याचे उतार सिमेंटचे आणि निसरडे. आत पडलेल्या माणसाला कड धरता येत नाही. धरणातून पाणी सोडलं की खालच्या नदीतली पातळीही बघता बघता वाढते.

या पाण्याखाली शेतं आणि घरं गेली. काही लोक वर सरकले, काहींना खाली दूर, धरणाचं पाणी पोहोचतं त्या लाभक्षेत्रात जमिनी मिळाल्या. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळातून जुने बांध वर येतात. जलाशयाकाठच्या गावात म्हातारी माणसं भेटली आणि त्यांनी स्वतःहून विषय काढला तर ऐका. आपण होऊन "तुमचं गाव कुठे बुडालं?" असं विचारू नये.

तिसरा दिवस: बावधन, सोनेश्वर, पसरणी

पायांना जरा आराम द्यायचा असेल तर हा दिवस मधे घ्या, नाहीतर सोडून थेट कमळगडावर जा.

बावधन वाईच्या पूर्वेला जवळच. कृष्णाकाठचं सोनेश्वर तिथून जवळ आहे. रंगपंचमीला बगाड, म्हणजे उंच लाकडी खांब उभारलेला नवसाचा गाडा, सोनेश्वरहून निघतं आणि शेतांतून, बैलांच्या अनेक जोड्या बदलत, बावधनला भैरवनाथाच्या देवळाकडे येतं. देवाला कौल लावून ज्याची निवड होते तो बगाड्या वर टांगलेला असतो. बघायला गेलात तर उंच बांधावर, बैलांच्या वाटेपासून पुरेसे लांब उभे राहा, लहान मुलांना नेऊ नका आणि दुपारच्या आधी पोहोचा. इतर दिवशी हीच वाट शांत असते आणि चालायला फार चांगली आहे.

पसरणी घाटाच्या पायथ्याचं पसरणी हे शाहीर कृष्णराव साबळे यांचं जन्मगाव. डांबरी घाटाने मात्र चालू नका, वळणांवर गाड्यांना तुम्ही दिसत नाही. लोहाऱ्याजवळची बौद्ध लेणी, जिथे आज पालपेश्वर महादेव आहे, वाईहून सकाळच्या वेळात बघून होतात.

चौथा दिवस: कमळगड

इथे पहिल्यांदा खरी चढण लागते. नांदगणे, वासोळे किंवा आसरे, यांपैकी कुठूनही वर जाता येतं. पहिल्या खेपेला गावातला माहीतगार सोबत घ्या. मध्ये दाट झाडी आहे, गुरांच्या वाटा फुटतात आणि नवखा हमखास भलत्या वाटेला लागतो. मोबदला आधीच बोलून ठरवा. पायथा ते माथा अडीच-तीन तास लागतात. माणशी तीन लिटर पाणी आणि दुपारची भाकरी सोबत हवी. पायात नव्या कोऱ्या बुटांपेक्षा वापरून मऊ झालेले, चांगल्या पकडीचे बूट बरे.

वाटेत गोरखनाथाचं ठाणं लागतं. झाडीत गवे असतात. दिसला तर थांबा, आवाज करू नका, त्याला जायला वाट द्या. कड्याला आग्या मोहोळ असेल तिथे अत्तर, धूर आणि आरडाओरडा, तिन्ही बंद.

माथ्यावर बुलंद दरवाजा किंवा तटबंदी शोधू नका. कमळगडाची खरी दौलत जमिनीच्या पोटात आहे. कातळात एक अरुंद चीर आणि तिच्यातून खाली उतरणाऱ्या पन्नासेक पायऱ्या. ही गेरूची विहीर. दोन पावलं उतरलात की वारा थांबतो, पाच पावलांवर अंगावर गारवा येतो. दोन्ही भिंती हाताला लागतील इतक्या जवळ आहेत आणि त्या लाल आहेत, ओल्या, मऊ, बोट लावलं की गेरू बोटाला येतो. तळाशी थोडं पाणी साचलेलं असतं. एका वेळी दोघा-तिघांनीच उतरा, टॉर्च ठेवा, भिंतीवर नावं लिहू नका. पावसाळ्यानंतर पहिले काही आठवडे पायऱ्या फार निसरड्या असतात.

वर येऊन पश्चिमेला तोंड करून बसलात की गेले तीन दिवस चाललेलं सगळं उलगडतं. एकीकडे बलकवडीचं पाणी, दुसरीकडे वाळकीचं खोरं, पाठीमागे धोमचा जलाशय आणि त्यापलीकडे धुरकट वाई. समोर महाबळेश्वरचा कडा. केट्स पॉइंटवरून लोक बघतात ते खोरं हेच, फक्त आता त्यातली गावं तुम्हाला नावानिशी ओळखता येतात. दुपारी दोनच्या आत उतरायला लागा.

पुढच्या खेपेसाठी

जोरला मी पहिल्याच सहलीत कुणाला नेत नाही. बलकवडीच्या वर रस्ता अरुंद होत जातो, गाड्या मोजक्या आहेत आणि गावात पोहोचायलाच अर्धा दिवस जातो. पण एकदा खोऱ्याची सवय झाली की तिथे मुक्कामाला जा. निघण्याआधी ओळखीतून किंवा वाईतल्या कुणामार्फत गावात निरोप पाठवा आणि आपण किती जण आहोत ते कळवा, कारण लांबच्या गावात अचानक आलेल्या सहा माणसांचं जेवण म्हणजे त्या घराची धावपळ. जोरहून वर क्षेत्र महाबळेश्वरला जाणारी जुनी पायवाट आहे. तीही गावातला माणूस सोबत असेल तरच.

साताऱ्याकडून परतणार असाल तर वाटेत लिंबजवळ शेरीची बारा मोटेची विहीर बघा. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची, आणि तिच्या पोटात चक्क राहता येईल असा छोटा महाल. कठड्यावरून वाकू नका, विशेषतः मुलं सोबत असताना. पाचवडला उतरून तिकडे जायचं असेल तर रिक्षा परतीच्या वेळेपर्यंत थांबवूनच ठेवा. दुपारी तिथून दुसरी मिळायला बराच वेळ लागतो.